बाहेरची वाट

१० जून
नागपूर ऑफिसच्या मॅडमचा फोन. "सर, आम्हाला हैदराबाद जवळ आहे ना? मग सगळं मुंबईवरून का जातंय?" ट्रेसरूट पाहिला. खरंच. नागपूर, पुणे, मुंबई, मग बाहेर.

११ जून
मुंबई आणि हैदराबाद, दोन्ही गेटवे चालू. लिंक स्वच्छ.

११ जून, रात्री
रस्ते ठरवणाऱ्या ओएसपीएफ प्रोटोकॉलच्या डेटाबेसमध्ये दोन डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायच्या वाटा. बाहेरच्या रूटचे प्रकार दोन, ई-वन आणि ई-टू; हे दोन्ही ई-टू. मुंबईची लिंक मोठी म्हणून मेट्रिक १०, हैदराबादला २०. ई-टूमध्ये बाहेरचा आकडा तेवढा बघतात. गेटवेपर्यंत आतल्या आत किती कॉस्ट पडते, ते हिशेबातच नाही. बाहेरचे आकडे सारखे असतील तरच आतलं अंतर बघायचं.

१३ जून
पाऊस. आरएफसी २३२८ घेऊन बसलो. जॉन मॉय, १९९८. क्रम स्पष्ट: आपल्या एरियातला रस्ता, दुसऱ्या एरियाचा, मग ई-वन, शेवटी ई-टू. ई-टूमागचं गृहीतक असं की बाहेरचा प्रवास आतल्या कुठल्याही रस्त्याहून मोठाच. इंटरनेटच्या पसाऱ्यात पटतं. नागपूरच्या माणसाला रोज भोगावं लागतं त्याचं काय?

१४ जून
ज्युनिअर म्हणाला, "सर, फक्त हैदराबाद ई-वन करू." लॅबमध्ये केलं. पुणंही हैदराबादकडे धावलं! ई-वन असेल तर ई-टूचा आकडा कितीही लहान असो, तुलनाच होत नाही. दोन्ही बदलायला हवेत.

१५ जून
ई-वनचा हिशेब, आतलं अधिक बाहेरचं.
नागपूरहून हैदराबाद: ४० + २० = ६०. मुंबई, पुण्यावरून: ६० + १० = ७०.
पुण्याहून मुंबई: १० + १० = २०.
जमतंय.

१६ जून
झोप नाही. दोन बदलांच्या मधल्या वेळात काय होईल? आधी हैदराबाद केलं तर सगळे तिकडे लोटतील. आधी मुंबई. सगळे तिथेच आहेत, कुणी हलणार नाही.

१८ जून, पहाटे २.४०
मुंबई केलं. शांत. हैदराबाद केलं. नागपूरच्या टेबलात ई-वन, ६०, हैदराबाद. पुणे मुंबईलाच.

१८ जून
मॅडम म्हणाल्या, "आता लवकर उघडतंय." दिवसभर बरं वाटलं.

१९ जून
पुणे-नागपूर लिंक वाढवणार म्हणे. कॉस्ट ५० ची ३० करायचा विचार आहे. तसं झालं तर नागपूरहून मुंबई ३० + १० + १० = ५०. पुन्हा मुंबईच. आजच मेल लिहितो.