एक मैदान, दोन धनी

पेण-रोह्याच्या बाजारपेठेत भाऊ वेगळे निघाले की सामाईक पेढीच्या मधोमध भिंत उभी राहते. मुंबईच्या क्रिकेटचेही तसेच झाले. १९३७ मध्ये उभे राहिलेले ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तेथे सामने भरवणाऱ्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला तिकिटांचा अधिक वाटा हवा होता. वाद खुर्च्यांचा, दुखावला गेला तो मान. अखेर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले गेले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली.

सामाईक मैदान नांदत नाही असे नव्हे. इटलीतील मिलान शहराचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल संघ १९४७ पासून एकाच मैदानावर खेळत आले. मुंबईने मात्र दुप्पट भांडवल गुंतवले, आणि ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी व्हायला २००९ साल उजाडले.