दोन्ही बाजूचे पाटे

काटोल-नरखेडकडच्या काळ्या जमिनीत संत्रा होतो, कापूस होतो, पण रस्ता टिकत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. वरून डांबर कितीही चोपा, खालची माती दरवर्षी हलतेच. त्या हलण्याचा सगळा मार गाड्यांच्या पाट्यांवर बसतो.

बाबांची कमांडर जीप होती. काळीपिवळी. गाव ते काटोल दिवसातून चार फेऱ्या, आणि आठवड्यातून एखाद वेळी साठेक किलोमीटरवरचं नागपूर. गाडी जुनीच घेतलेली. घेतली तेव्हाच मीटर बंद होता, त्यामुळे ती किती लाख किलोमीटर पळाली होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परवान्यात जेवढी माणसं लिहिली होती तेवढीच बसलेली मी कधी पाहिली नाहीत. शिवाय रात्री-अपरात्री गावात कुणाचं दुखलंखुपलं, तर हीच गाडी. संध्याकाळची एसटी एकदा गेली की सकाळपर्यंत दुसरं काही नसायचं. म्हणून गाडी आमची असली तरी तिच्या तब्येतीची चौकशी सगळं गाव करायचं.

1999च्या पावसाळ्यात ती बोलायला लागली. आधी नाल्याच्या रपट्यावर खटखट. मग खड्ड्यातून निघाली की दोन-तीनदा उगाच उड्या मारायची. पुढं पुढं स्टेअरिंग सरळ धरलं तरी डाव्या अंगाला ओढायची. आबाजींनी जन्मभर बंडी हाकलेली. आखाला वंगण कमी पडलं की चाक कसं कुरकुरतं, हे ते झोपेतही ओळखायचे. ओट्यावरून जीप येताना पाहून ते म्हणाले, “डावा पाय आखडून चालून राहिली थे. पाहून घे बापा.”

बाबा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. समोरचा डावा मोठा पाटा सेंटर बोल्टजवळ तडकला होता. तडेत गंज चढला होता, म्हणजे ती आजची नव्हती. पाट्याच्या डोळ्यातलं बुश झिजून लांबट झालं होतं, आणि शॅकलचा बोल्ट घासून बारीक पडला होता. शॉकपमधलं तेल गळून त्यावर धुळीचा थर बसला होता.

वेळ वाईट होती. पेरणीत पैसा गेलेला, संत्र्याचा आंबिया बहार अजून झाडावर हिरवा. गावात सल्ले देणारे भरपूर. कुणी म्हणे वेल्डिंग मारून घ्या, कुणी म्हणे भंगारातला पाटा आणा. बाबा खाली गाडी घेऊन हळूहळू नागपूरला वाडीत गेले. तिथं ट्रान्सपोर्टच्या गाड्या थांबतात, त्यामुळे पाट्याचं काम करणारे मिस्त्रीही तिथंच. मी सोबत होतो.

मिस्त्री आमच्याच बोलीतला निघाला. वेल्डिंगचं नाव काढताच त्यानं हात झटकला. “भाऊ, पाट्याले वेल्डिंग माराचं नसते. आगीनं त्याचं पाणी उतरते. जोड टिकंल, पण बाजूनं तुटंल. अन् तुटंल थे भरल्या गाडीतच.”

“मंग डाव्या अंगाचाच नवा टाका. उजवा त चांगला हाये.”

“उजवाही तेवढाच चालला ना, भाऊ. एकीकडंच नवा टाकला त गाडी दुसरीकडं कलंल. जोडीनंच बदलाव लागते. एक बैल दमदार अन् एक थकला, त जू सरळ राह्यते का?”

बाबा बराच वेळ टायरवर बसून राहिले. मग उठले आणि संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे गेले. बगीचा हिरवा असतानाच सोडला, इसार घेतला. फळ पिवळं होईपर्यंत थांबलो असतो तर चार पैसे जास्त मिळाले असते. त्याच पैशांवर ताईचं लग्न ठरवायचं होतं. ते वर्षभर पुढं गेलं. आई बाबांना काही बोलली नाही, पण शेजारणीला म्हणाली, “पोरीच्या हळदीचे पैसे गाडीच्या पायात घातले.” ते बाबांनी ऐकलं.

काम दिवसभर चाललं. जुने यू-बोल्ट कापूनच काढावे लागले. नव्या पाट्यांचा गठ्ठा एका टोकाला पिनेत आणि दुसऱ्या टोकाला झुलत्या शॅकलमध्ये बसवला. भार आला की पाटा सपाट होऊन लांबतो, त्या लांबण्याला जागा लागते म्हणून ती झुलती शॅकल. चारही शॉकप नवे. पण बुशचे बोल्ट मिस्त्रीनं जॅकवर आवळले नाहीत. गाडी खाली उतरवली, चार माणसं तिच्यात बसवली, आणि मग आवळले. अधांतरी आवळले तर गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं, असं तो म्हणाला. निघताना बजावलं, “चार-पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून न्या. नवे पाटे दबतेत, बोल्ट ढिल्ले होतेत.”

ऑगस्टमध्ये एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. काटोलहून नागपूरला डागा दवाखान्यात न्यायला सांगितलं. पाऊस धो धो. मागं ती, तिची सासू आणि दोन बाया. रस्त्यात पाण्यानं भरलेला एक खड्डा दिसलाच नाही. डावं चाक पुरतं आत गेलं, सासूनं किंकाळी फोडली. गाडी दबली, वर आली, आणि सरळ चालत राहिली. तडकलेला पाटा त्या जागी असता तर काय झालं असतं, हे बाबांनाही कळलं होतं आणि मलाही. कुणीच बोललं नाही. पहाटे मुलगी झाली. चहा घेऊन बाबा गावाकडं न वळता आधी वाडीला गेले, यू-बोल्ट आवळून घ्यायला.

जुने पाटे त्यांनी भंगारात दिले नव्हते. गावच्या लोहाराकडे टाकले. त्यानं तडकलेल्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल केला, ठोकला, आणि पुन्हा पाणी देऊन त्याची विळी केली. पुढच्या वर्षी ताईच्या लग्नाची भाजी त्याच विळीवर चिरली. आईकडं ती अजून आहे. धार क्वचितच लावावी लागते.