बसऱ्याला गेलेली पुण्याची फौज

बसरा हे नाव पुण्यातल्या घरांत येतं ते नथीतून. पाडव्याला आजीची नथ डबीतून निघाली की ‘अस्सल बसरा मोती आहे बरं का’ हे पाठोपाठ ऐकू येतंच. हे मोती इराणच्या आखातात, बहारीनच्या आसपासच्या समुद्रात निघत आणि बसऱ्याच्या नावाने ओळखले जात. माझं आयुष्य आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवण्यात गेलं, त्यामुळे मला बसरा म्हटलं की पुण्याचं दुसरंच नातं आठवतं. २३ ऑक्टोबर १९१४ रोजी याच बहारीनच्या समुद्रात फौजेची जहाजं येऊन उभी राहिली. त्यांवर सोळावी ब्रिगेड होती, म्हणजे पुण्याची ब्रिगेड, आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण. आठवडाभर आधी, १६ तारखेला, ही माणसं मुंबईहून निघाली होती. त्यांना पाठवलं होतं ते तुर्कांवर नजर ठेवून, आणि तुर्कस्तान त्या दिवशी युद्धात उतरलेलंही नव्हतं.

ही तारीख मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली की मुलं गुप्त करार, राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, लष्करवाद अशी चौकडी घडाघडा म्हणत आणि शेवटी साराजेव्होची ठिणगी टाकत. ती ठिणगी मला कधी पटली नाही. आपण ‘युद्ध पेटलं’ म्हणतो तेव्हा त्याचा वणवा करून टाकतो, आणि वणव्याला जाब विचारता येत नाही. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकचा खून झाला. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडला तो २३ जुलैला. मधले पंचवीस दिवस माणसं खुर्च्यांवर बसून विचार करत होती.

करारांचंही तसंच. ते कोणी युद्धाच्या हौसेने केले नव्हते. जर्मनी आणि ऑस्ट्रिया १८७९ मध्ये एकत्र आले, इटली १८८२ मध्ये त्यांना मिळाली; त्या गटाच्या धास्तीने फ्रान्सने १८९४ पर्यंत रशियाचा हात धरला. १९०४ मध्ये इंग्लंडने फ्रान्सशी जुनी भांडणं मिटवली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा करार मात्र १९०७ चा, सेंट पीटर्सबर्गला झालेला. इंग्लंड आणि रशियाने त्यात इराणमधली आपापली क्षेत्रं आखून घेतली, अफगाणिस्तान आणि तिबेटबद्दल समजूत केली. रशिया हिंदुस्थानवर चालून येईल ही इंग्रजांची जुनी भीती त्यातून निवावी, हा हेतू. पण रशिया हा तुर्कांचा पिढीजात वैरी. ज्या इंग्लंडकडे तुर्क आजवर आधार म्हणून पाहत होते तेच रशियाच्या पंगतीला जाऊन बसलं म्हटल्यावर तुर्कांनी जर्मनीकडे वळावं, यात नवल नव्हतं. हिंदुस्थानच्या रक्षणासाठी केलेली तडजोड सात वर्षांनी हिंदुस्थानच्याच शिपायांना तुर्कांसमोर उभं करणार होती. करार करताना प्रत्येक जण फक्त आपल्या भीतीचा हिशेब मांडतो. मित्राचे शत्रूही आपल्या खात्यावर जमा होतात, हे नंतर कळतं.

राष्ट्रवादाचं काम यापुढे सुरू झालं. तुर्कस्तानसाठी इंग्लंडच्या गोद्यांत दोन मोठ्या युद्धनौका बांधून होत आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी तिकडे लोकवर्गणीही जमली होती. ऑगस्टच्या आरंभी इंग्लंडने त्या स्वतःसाठी ठेवून घेतल्या. नुसत्या सरकारी तिजोरीतल्या पैशाची जहाजं असती, तर मंत्र्यांनी निषेधाचा खलिता पाठवून विषय संपवला असता. इथे घराघरांतून पैसा गेला होता, म्हणून अपमानही घराघरांत पोहोचला. टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला त्या शहरातल्या माणसाला वर्गणीची ही ताकद वेगळी समजावून सांगावी लागू नये. तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त तह २ ऑगस्टलाच केला होता. पण लोकांपुढे युद्ध न्यायचं तर लोकांचा राग लागतो, आणि तो असा तयार झाला. मग दोन जर्मन युद्धनौका तुर्की निशाण लावून काळ्या समुद्रात शिरल्या आणि २९ ऑक्टोबरला रशियन बंदरांवर तोफा डागल्या गेल्या. ५ नोव्हेंबरला इंग्लंडने युद्ध पुकारलं. ६ नोव्हेंबरला पुण्याची ब्रिगेड बसऱ्याच्या दक्षिणेला, फावच्या किनाऱ्यावर उतरलेली होती.

इतक्या तातडीमागे इराणमधल्या आबादानचं तेल होतं. इंग्लंडचं आरमार कोळशावरून तेलावर जात होतं आणि तिथल्या तेल कंपनीतला मोठा हिस्सा ब्रिटिश सरकारने नुकताच घेतला होता. संसदेत त्याची चर्चा झाली ती जून १९१४ च्या मध्यावर. त्याच आठवड्यात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षं भोगून रात्री उशिरा गायकवाड वाड्यात परतले होते.

बसरा २२ नोव्हेंबरला पडलं. तेल सुरक्षित झालं, तिथे थांबता आलं असतं. पण पुढे बगदाद दिसू लागलं. १९१५ मध्ये गॅलिपोलीत तुर्कांसमोर इंग्रजांची नाचक्की होत होती, कुठेतरी विजय दाखवायचा होता. सोळाव्या ब्रिगेडच्या मागोमाग नगरची सतरावी आणि बेळगावची अठरावी ब्रिगेडही आली होती. या तिन्ही मिळून सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे लोक तैग्रिसच्या काठाने शेकडो मैल वर गेले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला, बगदादच्या तोंडाशी, साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरून कूत या नदीच्या वळणातल्या गावात शिरले, आणि तुर्कांनी त्यांना वेढलं.

वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलं तसे घोडे मारले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस खायला नकार दिला. धर्माची हरकत नाही अशा तारा हिंदुस्थानातून मागवाव्या लागल्या. तरी कित्येक जण एप्रिलपर्यंत हटून राहिले आणि स्कर्व्हीने खंगले. घरी परतल्यावर गाव काय म्हणेल, पंगतीला घेईल का, ही त्यांची चिंता होती. कोणाच्या साम्राज्याची अब्रू राखायला ते तिथे होते, आणि स्वतःची अब्रू त्यांना अशी भुकेने राखावी लागली. वेढा फोडायला आलेल्या फौजांची तेवीस हजार माणसं कामी आली वा जखमी झाली. शेवटी तुर्कांना पैसे देऊन ही माणसं सोडवता येतील का, याचाही प्रयत्न झाला. वीस लाख पौंडांपर्यंत बोली गेली. तुर्कांनी ती झिडकारली.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. दुसऱ्या दिवशी, २९ एप्रिलला, कूतमध्ये बेळगावची ब्रिगेड पुण्याच्या आणि नगरच्या ब्रिगेडबरोबर शरण गेली. या दोन तारखा मी कधी वेगळ्या वाचू शकलो नाही. १९१४ च्या ऑगस्टअखेरीस टिळकांनी या युद्धात सरकारला साहाय्य करावं असं जाहीरपणे म्हटलं होतं, आणि ते अनेकांना आजही खटकतं. मला त्यात एका राष्ट्रवाद्याचा रोखठोक व्यवहार दिसतो: आमची माणसं लढणार असतील तर बदल्यात हक्क द्या. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा मुद्दा काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवलं, आणि ते सभा सोडून बाहेर पडले. युरोपातल्या राष्ट्रांनी आपापली वचनं पाळण्यासाठी लाखो माणसं मारली. युद्ध सुरू झालं तेव्हा या देशाला तर कोणी वचनच दिलेलं नव्हतं. इंग्लंडच्या घोषणेबरोबर तो आपोआप युद्धात होता.

कूतमध्ये सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि त्यांतल्या पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परतले नाहीत.

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, एक लहान संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, कुठे गेले तेही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या पाट्या टिपत हिंडलो आहे. एका गावात पाटीवर दिवाळीसाठी चुना चढला होता, आकडे बोटांनी चाचपून वाचावे लागले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, हे लोक कुठं गेले होते? तो म्हणाला, “बसऱ्याला. आमचा आजा सांगायचा, त्याचा थोरला भाऊ बसऱ्याला ऱ्हायला.”

बसऱ्याच्या नावाने स्मारकही आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. ते उभारलं तेव्हा त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली होती. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा.