आचारी आणि आचार्य

वैशाख सरत आला कीं आमच्या अंबड तालुक्यांतील घराच्या ओसरीवर एक ओलें गोणपाट पसरलें जातें. आमचे थोरले बंधू दादा घरच्या सोयाबीनच्या प्रत्येक पोत्यांत कोपरापर्यंत हात घालून तळाचे, मधले, वरचे असे दाणे काढतात. त्यांतले १०० दाणे न निवडतां मोजून घेतात, दहा-दहांच्या ओळींत मांडतात, वर दुसरें ओलें गोणपाट घालतात आणि त्यांची वळकटी करून सावलींत ठेवतात. तिच्यावर रोज पाणी शिंपडणें हें घरांतील मुलांचें काम. सहा-सात दिवसांनीं वळकटी उलगडून धडधाकट मोड आलेले दाणे मोजावयाचे. ७० किंवा अधिक निघाले तर बियाणें पेरण्याजोगें. थोडे कमी निघाले तर एकरीं प्रमाण वाढवावयाचें. ६०च्याही खालीं गेले तर पेरणीचा विचार सोडावयाचा. सोयाबीनचें टरफल मोठें नाजूक. वरून टपोरा दिसणारा दाणा मळणींत मार खाऊन आंतून मेलेला असूं शकतो.

ज्या जालन्यांत बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, त्या जिल्ह्यांत या गोणपाटाला कोणी हंसणार नाहीं. हंसत होतों ते आम्हीच. आमचा धंदा सॉफ्टवेअरचा. तेथें माती नाहीं, मळणी नाहीं, आणि चूक झालीच तर ती एका कळीसरशीं पुसतां येते, असा आमचा समज होता.

नोकरीखेरीज फावल्या वेळीं आम्ही एका सामाईक कामांत हात घालीत होतों. जुनीं मराठी पुस्तकें यंत्राकडून वाचवून घ्यावयाचीं आणि यंत्रानें केलेला गोंधळ निस्तरून मजकूर शुद्ध करावयाचा, असें तें काम. त्यासाठीं लागणारा प्रोग्राम ठिकठिकाणचे लोक विनामूल्य लिहितात. आपण केलेला बदल सर्वांच्या सामाईक प्रतींत कायमचा नोंदविणें, याला या धंद्यांत 'कमिट' म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं तयार केलेल्या 'गिट' या व्यवस्थेंत अशा प्रत्येक बदलावर कर्त्याचें नांव आणि वेळ उमटते. आमच्या पराक्रमावर रात्रीचा १ वाजून १० मिनिटें हा मुहूर्त अजूनहि वाचावयास मिळतो.

पराक्रम असा. यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत कांहीं अदृश्य चिन्हें शिरत आणि त्यामुळें शब्द शोधूं गेल्यास सांपडत नसे. आम्हीं चार ओळींचा बदल करून तीं सारीं चिन्हें काढून टाकलीं. स्वतःच्या संगणकावर पांच शब्द टंकून पाहिले. पांचहि उत्तम उतरले. बदल पाठवून दिला आणि समाधानानें झोंपलों.

तिसऱ्या दिवशीं एका निवृत्त शिक्षिकाबाईंचें पत्र आलें. भाषा अत्यंत सौम्य होती, म्हणूनच ती अधिक झोंबली. त्या एक जुनें पाकशास्त्राचें पुस्तक शुद्ध करीत होत्या. त्यांतील 'आचाऱ्यांना' जेथें जेथें सूचना होत्या, तेथें तेथें त्या आतां 'आचार्यांना' दिल्या गेल्या होत्या. फोडणी केव्हां द्यावी हें आचार्यांना सांगण्यांत येत होतें! दुसऱ्या एका प्रवासवर्णनांत तर सह्याद्रीच्या दऱ्यांच्या ठिकाणीं एकदम दर्या उसळला होता.

झालें होतें तें असें. मराठींतला हा अर्धा र संगणकावर दोन रीतींनीं लिहितात. कोणी नुक्ता दिलेला ऱ वापरतात. कोणी साधा र घेऊन हलन्तापुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आमचा कळफलक पहिल्या रीतीचा, म्हणून आमचे पांच शब्द सुखरूप राहिले. दुसऱ्या रीतीनें लिहिणारांचें जोडचिन्ह आम्हीं केर समजून झाडून टाकलें होतें.

बदल मागें घेण्यास दोन मिनिटें लागलीं. परंतु त्या अवधींत जीं पानें प्रोग्रामांतून गेलीं, तीं मागें कशीं घ्यावीं? एकदां चिन्ह गेलें कीं यंत्राला खरा दर्या आणि बिघडलेली दरी यांतला भेद कळत नाहीं. मूळ पानाचें चित्र शेजारीं घेऊन माणसानेंच वाचावें लागतें. बाईंनीं आपलीं पानें स्वतः पुन्हां वाचलीं. आम्ही मदतीस गेलों तेव्हां निम्म्याहून अधिक काम झालें होतें.

४ जून १९९६ रोजीं एरियन ५ हें युरोपाचें नवें अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत चाळिसेक सेकंदांत फुटलें. एरियन ४ साठीं लिहिलेला प्रोग्रामाचा एक भाग त्यांत तसाच उचलला होता. नव्या बाणाच्या वेगाचा आंकडा त्याच्या मापांत मावला नाहीं, आणि नव्या मार्गाचे आंकडे घालून तो भाग आधीं तपासलेला नव्हता. मोठ्यांच्या चुकांनीं आपल्याला जरा बरें वाटतें, हें कबूल केलें पाहिजे. पण तें समाधान दादांपुढें टिकलें नाहीं.

आम्हीं त्यांना सारी हकीकत सांगितली. कोड म्हणजे काय हें त्यांनीं विचारलेंच नाहीं. "ते पाच शब्द कुणी निवडले?" एवढेंच ते म्हणाले.

"आम्हींच, दादा."

"मग वरचेच दाणे घेतलेस की रे. तसे घेतले तर शंभराला शंभर उगवतात."

आतां आमच्यापाशीं शब्दांची एक यादी आहे. तींतले शब्द आमचे नव्हेत. इतरांनीं आपापल्या कळफलकांवरून टंकून धाडलेले आहेत. प्रत्येक शब्दासाठीं एक चाचणी लिहिली आहे, आणि जुन्या चुकीच्या बदलावर ती चाचणी खरोखर नापास होते कीं नाहीं हेंहि आधीं पाहिलें आहे. कारण कधींच नापास न होणारी चाचणी काय कामाची? मग सामाईक प्रतीची कोरी नक्कल उतरवून, केवळ आपल्या नव्हे तर इतरांच्याहि सर्व चाचण्या तिच्यावर चालवावयाच्या. यांत पाऊण तास जातो. रात्रीं १ वाजतां हा पाऊण तास फार जड वाटतो, हें खोटें नाहीं.

यंदा वळकटींत ६४ निघाले. दादांनीं दोनदां मोजले, एकरीं ३० किलोंऐवजीं ३३ किलोंचा हिशेब भिंतीवर खडूनें लिहिला, आणि कोणतें पोतें खराब आहे तें पाहण्यासाठीं प्रत्येकांतले दाणे वेगळे काढून पुन्हां गोणपाट भिजवावयास घेतलें. आमच्याहि यादींतले दोन शब्द त्या रात्रीं नापास झाले होते. आम्हीं संगणक मिटला आणि पाण्याची बादली आणावयास गेलों.