एकवीस दिवसांचा गणपती

आमच्या मालवणकडे माणसाची पारख करण्याची एक साधी रीत आहे. तो किती शिकला, किती कमावतो, मुंबईत खोली घेतली की ब्लॉक, या चौकशा मागाहून होतात. पहिला प्रश्न एकच : ‘चवथीक येता मां?’ चवथीला जो घरी येतो तो आपला. जो येत नाही त्याच्याविषयी लोक आवाज खाली आणून बोलतात. चाकरमानी मालकाशी भांडेल, बिनपगारी रजा घेईल, प्रसंगी नोकरीवर पाणी सोडील. पण भाद्रपद शुद्ध चतुर्थीला माटवीखालच्या गणपतीपुढे हात जोडल्यावाचून राहणार नाही. अशा गावात जन्माला येऊन मी १९७७ ते २००३ अशी लागोपाठ २७ वर्षे चवथीला घरी गेलो नाही. कारण ऐकून आपल्याला हसू येईल. ते दहा दिवस मी गणपतीपुढेच असे. मात्र तो गणपती घरचा नसे, दादरचा, ठाण्याचा, पुण्याचा नाही तर नाशिकचा असे. मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवीत होतो.

मालवण आणि गिटार ही जोडी ऐकायला जरा विजोड वाटते. आमच्याकडची वाद्ये म्हणजे भजनाची पेटी, पखवाज, झांज; आणि जत्रेच्या रात्री दशावतारात संकासुर नाचू लागला की काळजाचा ठोका चुकवणारा मृदंग. परंतु बंदराच्या गावात माणसांबरोबर वाद्येही उतरतात. आमच्या वाडीपलीकडे एक वृद्ध ख्रिस्ती मास्तर राहत. बोटीवरच्या बॅंडात उमेदीची वर्षे घालवून ते घरी परतले होते. रविवारी प्रार्थनेला वाजवीत आणि बाकीचे सहा दिवस माड शिंपीत. त्यांच्या पडवीत मी पहिल्यांदा गिटार हातात धरली. खाऱ्या हवेने तारा तांबूस झालेल्या, बोटे सोलून निघत. मास्तर म्हणत, ‘‘बोटांका घट्टे पडल्याशिवाय वाद्य तुका आपला म्हणाचा नाय.’’ घट्टे पडायला सहा महिने लागले. आज गिटार कमी वाजते, पण घट्टे गेलेले नाहीत.

१९७७ साली मी मुंबईस आलो तो परळच्या आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-बावीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा मनुष्य उठला की दिवसपाळीचा आडवा होई. माझी पाळी मात्र कोणाशीच जुळेना! पहाटे चारला गिटार घेऊन येणारा मनुष्य कोणत्या खात्यात काम करतो, हे कोडे त्या भल्या माणसांना बरेच दिवस सुटले नाही. सुटले तेव्हा त्यांनी मला कोपऱ्यातली जागा कायमची दिली; म्हणाले, ‘‘तू वाजव, आमी निजतो.’’

ऑर्केस्ट्रा हा शब्द मोठा आहे. साहेबाच्या देशात तो म्हटला की साठ-सत्तर वादक डोळ्यांसमोर येतात. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे एक मॅटेडोर गाडी आणि तीत मावतील तितकी माणसे : अकॉर्डियन, ऑर्गन, ड्रम, बोंगो-कोंगो, ढोलक, गिटार, दोन गायक, दोन गायिका, एक नकलाकार आणि एक निवेदक. गायकांना स्वतःचे नाव नसे. एक ‘किशोरचा आवाज’, दुसरा ‘मुकेशचा आवाज’, गायिकांपैकी एक ‘लताचा आवाज’. वादकांना तेवढेही नाव नसे. कमाईचे माप म्हणजे ‘नाईट’. सुरुवातीला मला नाईटीचे ६० रुपये मिळत. गणपतीच्या दिवसांत रोज नाईट, कधी एका रात्री दोन. त्या दहा दिवसांच्या कमाईवर पावसाळ्याचे उरलेले दिवस निघत. चवथीला घरी न जाण्याचे गणित हे एवढेच होते. त्या पैशांतून घराची कौले शाकारली गेली, बहिणीचे लग्न झाले. हे गणित चुकले असे मला कधी वाटले नाही. पण गणित बरोबर आले म्हणजे मन भरतेच असे नाही.

आमचे काम काय, तर रेकॉर्डवर जे आहे ते हुबेहूब उभे करायचे. कॅसेट घरोघर येण्यापूर्वी हे सोपे नव्हते. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की कान टवकारून बसायचे, आणि एखादी सुरावट निसटली तर ज्यूकबॉक्स असलेल्या इराण्याच्या हॉटेलात नाणे टाकून तेवढीच पुन्हा ऐकायची. एका चहावर तीन-तीन तास बसणारे गिऱ्हाईक इराण्याला आवडत नसे. पण मी नाणी टाकीत असे, म्हणून खपून जाई.

गाण्याची सुरावट बसली तरी पट्टीचा प्रश्न उरे. आपल्याकडे गायक पेटीच्या भाषेत बोलतो. तो झोकात म्हणतो, ‘‘आज काळी एक!’’ पेटीवाल्याला काळी काय नि पांढरी काय, बोट तेवढेच सरकते. गिटारीचे तसे नाही. काही पट्ट्या तिला मानवतात; त्यांत मोकळ्या तारा आपसूक बोलतात. काळी एक म्हटली की डाव्या तर्जनीने सहाही तारा आडव्या दाबून धरायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी संसार करायचा. चार तास हे केले की हाताला कळा येतात. त्यावर कॅपो नावाची पकड मिळते. पण ती घ्यायला पैसे लागतात. मी अर्धी पेन्सिल तारांवर आडवी ठेवून दोन रबरबॅंडांनी आवळीत असे. त्या पेन्सिलीवर मी दोन वर्षे काढली.

पाऊस हा आमचा आणखी एक सोबती. ताडपत्री गळत असे, फळ्या ओल्या होत आणि विजेची जोडणी मांडवातल्या कुणीतरी हौसेने केलेली असे. अशा वेळी तारांवर हात ठेवून मायक्रोफोनला ओठ लागले तर जो झटका बसतो, त्याने ताल चुकत नाही, पण जन्मभर लक्षात राहतो. म्हणून ओल्या स्टेजवर मी रबरी सपाता घालीत असे. निवेदक सुटाबुटात, गायक चमचमत्या जाकिटात आणि मी सपातांत!

श्रोत्यांना गिटारवाला दिसतच नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती १९८० साली तात्पुरती मोडली. त्या वर्षी ‘कर्ज’ चित्रपट आला, आणि त्यातली सारी कथाच गिटारीच्या एका धुनेवर बेतलेली! पडद्यावर ऋषी कपूर. प्रत्यक्षात वाजवणारे गोरख शर्मा, संगीतकार प्यारेलाल यांचे बंधू. त्या मोसमात त्या चार स्वरांसाठी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत आणि निवेदकाला नाइलाजाने माझ्याकडे बोट दाखवावे लागे. तीच कथा भूपिंदर सिंग यांची. लोक त्यांना गझलगायक म्हणून ओळखतात. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) आणि ‘यादों की बारात’ (१९७३) यांतली गिटार त्यांची, हे ठाऊक असलेले थोडे. त्यामागे गोव्याच्या वादकांची एक पिढी उभी आहे. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) आपल्या वाद्यवृंदासह दिसणारे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनच्या गाण्यांची स्वरलेखने रचणारे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस. त्यांनी मांडले ते आम्ही गावोगाव पोचवले. एवढेच आमचे नाते, पण ते मी मानतो.

‘‘सगळे दुसऱ्याचे वाजवता, तुमचे स्वतःचे काय?’’ हा प्रश्न मला सुशिक्षित मंडळींनी पुष्कळदा विचारला आहे. पूर्वी मी चिडत असे. पुढे थोडे वाचन झाले आणि चीड ओसरली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्यातल्या कितीतरी चाली प्रचारातल्या, लोकांच्या ओठांवरच्याच होत्या. १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-गझलांच्या चालींतून पदे घडवली. त्या पदांच्या वळणाची गाणी आमचे दशावतारी रात्रभर गातात, आणि आमचे भजनीबुवा डबलबारीत नव्या सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाचा गजर करतात! चाल ही पाण्यासारखी आहे. ती कोणाच्या विहिरीतली हे विचारण्यापेक्षा घागर स्वच्छ आहे का हे पाहावे.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. खोलीतली माणसे एकेक करून गावी गेली ती बहुतेक परत आलीच नाहीत. त्या वर्षी गिरणगावात वर्गणी कुठून निघणार? मंडळांनी गणपती बसवले, पण ऑर्केस्ट्रा ठरवले नाहीत. परळमध्ये एका मंडळाचे कार्यकर्ते ओशाळून म्हणाले, ‘‘पैसे नाहीत, पण आरतीला या.’’ आम्ही पाचजण गेलो आणि दोन तास वाजवून आलो. ती नाईट मी अजून हिशेबात धरतो.

आता आईविषयी सांगतो. ती माझ्यावर कधी रागावली नाही. दरवर्षी पत्रात एकच ओळ असे : ‘चवथीक जमता काय बघ.’ जमत नसे. आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा. मी मोकळा होणार अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे देव तळीवर जाऊन आठवडा उलटल्यावर. मी पोचे तोवर माटवीची कवंडळे सुकलेली असत आणि आई माझ्यासाठी राखलेले कडक झालेले करंजीचे दोन तुकडे पुढे ठेवी.

१९८४ साली तिने भटजींना गाठले आणि विचारले, ‘‘एकवीस दिवस ठेयलो तर चलात मां?’’ भटजी म्हणाले, ‘‘चलात, पण एकदा धरलास की मोडूचा नाय.’’ दादाने खूप समजावले. एकवीस दिवस नैवेद्य, एकवीस दिवस दोन्ही वेळच्या आरत्या, रोज येणारी-जाणारी माणसे. करणार कोण, खर्च किती? आईने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘पोर येय सर देव थांबतलो.’’

त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. चाकरमानी परतत होते. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच, आणि आमची गाडी अर्धी रिकामी. कसाल सोडून मालवणचा रस्ता लागला तेव्हा उजाडत होते. घरी समई तेवत होती, माटवीला शेरवडाचे पांढरे पान आणि हरणाची पिवळी फुले ताजी बांधली होती, आणि चुलीवर काळ्या वाटाण्याचे सांबारे. देव खरोखरच थांबला होता. तो पुढे दरवर्षी थांबला.

आईने माझा कार्यक्रम एकदाच ऐकला, कणकवलीस. संपल्यावर तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘‘गाणी बरी झाली. पण तू त्येच्यात खंय होतंस रे?’’ मी हसलो. दुसऱ्या दिवशी ओटीवर तिच्यासमोर एक गाणे आधी नुसते गुणगुणलो, मग गिटारीसह. तिने मान डोलावली : ‘‘समाजला. मीठ भाजयेत दिसता खंय? नसलां काय कळता.’’ माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मला कोणी सांगितलेली नाही.

ऑर्केस्ट्रा एका दिवसात संपला नाही. आधी एका कीबोर्डात चार वादक शिरले. मग केबल आली. जे गाणे ऐकायला मैदानात येत ते घरी दिसू लागले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाची सीमा घातली. सणाचे मोजके दिवस तेवढे बारापर्यंत. पुढे गायक तयार ‘ट्रॅक’ घेऊन एकटाच येऊ लागला. कोणावर राग धरावा असे त्यात काही नाही. बोटवाहतूक बंद पडली, तशीच ही. २००३ चा गणपती माझा शेवटचा मोसम ठरला. त्याच मार्गशीर्षात आई गेली.

पुढच्या वर्षी मी प्रथमच चवथीच्या आदल्या दिवशी घरी होतो. रात्री दादाने विषय काढला. तो सत्तरीकडे झुकलेला, वहिनीचे गुडघे दुखत. ‘‘जेच्यासाठी एकवीस केले तो आता घरातच आसा. पाचावर येऊया काय?’’ बोलणे रास्त होते. ‘मोडू नये’ हे भटजींचे शब्द होते. पण देवाला गाऱ्हाणे घालून वाट काढता येते, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. मी म्हटले, ‘‘यंदा राहू दे. आरत्या मी सांभाळतो.’’ त्यानंतर दरवर्षी तो प्रश्न निघे आणि दरवर्षी ‘यंदा राहू दे’वर मिटे.

२०२० साली चवथ २२ ऑगस्टला होती. दादाची नात मुंबईत परिचारिका. करोनाचे दिवस, तिला रजा मिळाली ती चवथ होऊन गेल्यावर. आली, तीही अंगणातल्या खोलीत वेगळी राहिली. अठराव्या दिवशी ती माजघरात आली, गणपतीसमोर बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. त्यानंतर पाच दिवसांचा विषय आमच्या घरात निघालेला नाही.

आता भजनाला बुवा मला बोलावतात. पेटीशेजारी गिटार घेऊन बसतो. बुवांची पट्टी काळी एक. खिशात चांगला कॅपो असतो. पण म्हाताऱ्या तर्जनीला थोडी सवय राहावी म्हणून पहिला अभंग मी त्याच्याविनाच वाजवतो.