वाई, पसरणी घाट आणि ‘खर्रर्र’!

वीकेंडला पुण्याहून पाचगणी गाठायची, रात्री वाईत मुक्काम, असा आमचा प्लॅन. सकाळी गाडी स्टार्ट केली आणि बॉनेटखालून दोन सेकंद ‘खर्रर्र’! मग चिडीचूप. ‘‘काही नाही गं,’’ बाबा म्हणाले. पण पुढे पसरणी घाट होता, आणि सर्व्हिसिंग मी दोनदा पुढे ढकललेलं.

गॅरेजवाल्या काकांनी आधी डिपस्टिक ओढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, काळंकुट्ट! ‘‘ताई, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारा भाग ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं. प्रेशर येईपर्यंत तो वाजतो. गरम इंजिनातही वाजत राहिलं, तर टायमिंग चेन बघावी लागेल.’’

त्यांनी ऑइल-फिल्टर बदलला, सोलेनॉइडची जाळी साफ केली. ‘‘खरं काय ते उद्या, थंड इंजिनावरच कळेल. नाहीतर आतली पिन झिजलीय समजा.’’

म्हणजे अख्खा दिवस वाईत! ढोल्या गणपती पाहिला, रिक्षाने मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसलो. आई तर पाचगणी विसरलीच.

दुसऱ्या दिवशी श्वास रोखून चावी फिरवली. आवाज नाही! मग घाट चढलो, म्युझिक बंद ठेवूनच.

तुम्हीही निघण्याआधी डिपस्टिक बघाच. दोन मिनिटांचं तर काम!