वाफ ओळखणारा

दिसायला अगदीच साधा. तळहाताएवढा, हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटीतला. गोंदियाच्या बाजारात कंगव्यांशेजारी लटकत होता, तेव्हा आपल्या नशिबी भांग आणि टिकल्याच आहेत असं त्यालाही वाटलं असणार. पण आमगावकडच्या एका बारावी सायन्स झालेल्या पोरीनं त्याला उचललं आणि विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला नेलं. तिथं बीएएसएलपीला तिचा नंबर लागला होता. वाचा आणि श्रवण या दोन्हींची ही पदवी: तीन वर्षं वर्ग आणि क्लिनिक, चौथं वर्ष इंटर्नशिपचं, मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. एवढं सगळं नातेवाइकांना कोण सांगणार? ती म्हणायची, ‘बोलायला शिकवायचं शिकते.’ त्यावर मामाचा प्रश्न ठरलेला, ‘त्याले कॉलेज कायले लागते?’

आरशाला मात्र कॉलेज लगेच मानवलं. चारचौघांत जीभ दाखवणं हा वाह्यातपणा; याच्यापुढे तोच गृहपाठ. पहिल्या वर्षी ध्वनिविज्ञानाच्या तासाआधी ती तोंड उघडून त्याच्यासमोर बसे. ‘त’ला जिभेचं टोक दातांना टेकतं, ‘ट’ला मागे वळतं, ‘ल’ला हवा जिभेच्या कडांवरून सटकते. तो काही बोलत नसे. कौतुक नाही, कंटाळाही नाही. असा परीक्षक विद्यापीठाला मिळायचा नाही.

घराणंही ऐकण्यासारखं आहे. 1854 साली मान्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनगुरूनं दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. डॉक्टर नव्हे, गवई! आमच्या हिरव्या चौकटीवाल्याला या पूर्वजाची खबर नाही, आणि घशात उतरायची हिंमतही नाही. तो ओठांपाशी थांबतो.

तिथंच त्याची फजिती होते. पापा, बाबा, मामा हे तिघंही त्याला एकच दिसतात. ओठ मिटले, ओठ उघडले, संपलं. ऐकू न येणाऱ्या मुलाची नेमकी हीच अडचण असते. ‘ब’ कळायला गळ्यावर हात ठेवून कंप जाणवून घ्यावा लागतो. आरसा तिथं निरुपयोगी. पण ‘म’ साठी तो आपली खरी विद्या काढतो. त्याला नाकाखाली आडवा धरा. ‘मामा’ म्हणताना हवा नाकातून येते आणि काचेवर वाफ धरते. ‘पापा’ला काच कोरडी राहायला हवी. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलाचं ऑपरेशन झाल्यावरही ‘पोपट’, ‘टोपी’ म्हणताना काच धूसर झाली, तर हवा अजून नाकात गळते आहे. अशा वेळी नुसता सराव करून घेण्यात अर्थ नसतो. आधी टाळूची तपासणी. दोन पैशांची काच सर्जनला चिठ्ठी लिहायला लावते.

एक अट आहे, काच गार हवी. मुंबईच्या वातानुकूलित क्लिनिकमध्ये हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. इंटर्नशिपच्या वर्षी मे महिन्यात ती शिबिरासाठी गोंदिया जिल्ह्यात आली, तेव्हा तापलेल्या काचेवर वाफ धरेचना. मग आरशाला माठाला टेकवून ठेवण्यात आलं. प्रत्येक पोरामागे एकदा माठ, एकदा नाक. त्याचा रुबाब तेवढा वाढला.

शिबिरात त्याचा एक भाऊबंद होता: चित्रांचा अल्बम. हा मोठा शिष्ट. बाण, शेंगा, फळ अशी चित्रं दाखवायची, पोराचा उच्चार ऐकायचा आणि तक्त्यात चूक-बरोबर भरायचं. सालेकशाकडचा सहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, ‘बान’, ‘सेंगा’, ‘फर’. अल्बमच्या हिशेबानं तीन चुका. पुढच्या चित्रांना कपाचा ‘तप’ झाला आणि गायीची ‘दाय’. आणखी दोन.

आरशानं पाचही उच्चार दाखवले, पण तक्ता भरायला त्याला येत नाही. इकडच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘श’ नाही, ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ती स्वतः अठरा वर्षं ‘पानी’च पीत आली होती, ‘ण’साठी जीभ कशी वळते ते वसतिगृहात या आरशापुढेच शिकली होती. शेजारी बसलेल्या आजीला तिनं चित्र दाखवलं. ‘बान’, आजी म्हणाली, ‘आन् आमच्या घरी सारेच बान म्हनतेत. मंग आमालेई सिकवसान का?’ पहिल्या तिन्ही खुणा तिनं खोडल्या. माझ्या मते चार वर्षांच्या पदवीतलं निम्मं शिक्षण त्या खोडण्यात आहे. उरलेलं निम्मं ‘तप’ आणि ‘दाय’ तसेच ठेवण्यात. कारण आजी ‘गाय’ म्हणत होती, ‘दाय’ नव्हे.

आता ‘क’ आणि ‘ग’ हे घशाकडचे, आरशाला न दिसणारे. त्याला फक्त गुन्हेगार दिसतो: उगाच वर उचललं जाणारं जिभेचं टोक. ते लाकडी पट्टीनं खाली दाबून धरलं, की मागची जीभ आपोआप उठते आणि कधीकधी पहिल्याच दिवशी ‘क’ निघतो. तिनं पट्टी काढली. पोरानं तोंड घट्ट मिटलं. आजीनं चॉकलेट कबूल केलं, आईनं दम दिला. शेवटी त्यानं बोटानं आरसा मागितला आणि तो स्वतःच्या हातात आल्यावरच जबडा उघडला.